घंटेचा पगार

नगर भूमापन कार्यालयात, करकरणाऱ्या पंख्याखाली
कारकुनानं मिळकत पत्रिका माझ्याकडे सरकवली.
धारकाचं नाव: सरकार.
"तुमचं देऊळ तुमचं न्हाईच की ओ," तो म्हणाला,
मग जीभ चावून, "चर्च."
असू दे. आम्हीही देऊळच म्हणतो.
मे महिना. सोलापूर.
पेन घामानं बोटांतून निसटत होतं.

मी कमिटीचा चिटणीस, मला हे नवीन नव्हतं.
घरी पत्र्याच्या पेटीत
आजोबांच्या नेमणुकीचा कागद आहे:
हाबेल उमाप, घंटा वाजवणार,
दरमहा सहा रुपये, बांधकाम खात्याकडून.
माणसांना देवाकडे बोलावण्याचा पगार
रस्ते आणि मोऱ्या बांधणाऱ्यांच्या खात्यातून.
पाद्रीसाहेबाचा थेट तिजोरीतून,
कलेक्टरचा होई त्याच तारखेला.

पुढच्या बाकांना अजून खाचा आहेत.
गोरे शिपाई तिथं बंदुका टेकवत,
मग गुडघे.
आता मुलं त्यात छत्र्या अडकवतात
आणि प्रवचन लांबलं की
खाचेत बोट फिरवत बसतात. मीही बसायचो.

दुपारी आजोबा सेटलमेंटात जात, वही धरायला.
तारेच्या आत सरकारनं
जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसं ठेवली होती
आणि किल्ल्या मिशनच्या हाती दिल्या होत्या.
दिवसातून तीनदा हजेरी.
रविवारी चौथी, तिला उपासना म्हणत.
वही तीच. शाई तीच.
चंपाबाई नावाच्या एका बाईनं
अंगठा उठवता उठवता विचारलं,
"मास्तर, तुमचा देव बी आमाला मोजतुय व्हय?"

आजोबा काही बोलले नाहीत.
त्या संध्याकाळी घंटेचे दोन टोले कमी पडले.
चार आणे दंड. पावती पेटीतच आहे,
मी ती कधी कमिटीला दाखवलेली नाही.

तीस सालच्या मार्शल लॉमध्ये
शहरात टोपीवरून माणसं धरत होते.
देवळात राजासाठी प्रार्थना नेहमीसारखीच झाली,
राजाला दीर्घायुष्य, राजाच्या वैऱ्यांची दाणादाण.
बरं, देवळात पुरुषांनी बोडकंच बसायचं असतं.
कुणाच्या खिशात कसली टोपी घडी घालून होती
ते एका देवालाच ठाऊक,
आणि त्यानं कुणाचं नाव सांगितलं नाही.

प्रार्थनेचं ते पुस्तक अजून वेदीपाशी आहे.
'आमचा राजा' या शब्दांवर
कागदाची पट्टी: 'आमचे राष्ट्रपती'.
आजोबांनीच चिकटवली. मागवाल्या शेजाऱ्याकडून
वाटीभर खळ मागून आणली होती.
खळ कसरीला आवडते.
पट्टी कडेनं कुरतडली गेलीय,
वाकून पाहिलं तर खालून राजा दिसतो,
फिकट, पण आहे.

सत्तेचाळीसनंतर एका महिन्यात सहा रुपये आले नाहीत.
पुढच्या महिन्यातही नाही.
रविवारी गिरण्यांचा भोंगा बंद असे,
म्हणून घंटा लांब, पार तळ्यापर्यंत ऐकू जायची.
त्या रविवारीही गेली.
जिना चढताना ते कुणाचे नोकर होते
हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही,
आणि मला विचारायचं सुचलं
तेव्हा त्यांची वाचा गेली होती.

"अर्ज भरा," कारकून म्हणाला.
मी भरत गेलो. नाव, वय, पत्ता.
मग एक रकाना:
अर्जदाराचे धारकाशी नाते.
धारक म्हणजे सरकार.
मी आधी 'नाही' लिहिलं. खोडलं.
'नातू' लिहावंसं वाटलं, हसू आलं.
'सहा रुपये, थकीत' हे खरं,
पण इतक्या बारीक चौकटीत मावेना.

कारकून जेवायला उठला.
टेबलावर त्याचा डबा, भाकरी, शेंगाचटणी.
जाता जाता म्हणाला,
"तेवढा एकच राहिलाय बघा.
तो मोकळा ठिवू नका, अर्ज परत येतो."